जी नोंद वहींत नाहीं

(धर्मग्रामाच्या अमृतमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाला पाऊणशें वर्षें पूर्ण होत आहेत. माझ्या आधीं बोललेल्या वक्त्यांनीं या मंदिराचा इतिहास आपणांस सांगितला. पहिल्या पिढीनें कुडाच्या भिंतींआड मिस्सा कशी ऐकली, पायाचे दगड बैलगाड्यांतून कसे आले, घंटेसाठीं बायांनीं अंगावरचें सोनें कसें काढून दिलें, हें ऐकून आपलीं मनें भरून आलीं. मला शेवटीं आशीर्वादाचे चार शब्द बोलावयास सांगितलें आहे. परंतु घरांत उत्सव असतां जो आप्त दाराबाहेरच उभा राहिला असेल, त्याची आठवण करून देणें हेंही घरच्या कर्त्याचें काम आहे. तें काम आज मीं न केलें, तर माझा आशीर्वाद पोकळ ठरेल.

या महोत्सवाच्या तयारीसाठीं गेल्या पावसाळ्यांत मीं कार्यालयांतल्या जुन्या वह्या वाचून काढल्या. स्नानसंस्काराची वही आनंदाची, विवाहाची वही आशेची. मृत्यूच्या वहीपाशीं मात्र मी अडखळलों. तेथें वृद्धांच्या नांवांमध्यें मधूनच एखादें वय येतें : ३८, ४१, ४४. बहुतेक पुरुष. कारणाच्या रकान्यांत कोठें कावीळ, कोठें पोटांत पाणी, कोठें अपघात, कोठें विहिरींत पडून. पाऊणशें वर्षांच्या वहींत 'दारू' हा शब्द मला एकदांही आढळला नाहीं. त्यांतल्या शेवटच्या कांहीं नोंदी माझ्याच हस्ताक्षरांत आहेत. लिहितांना काय लिहीत आहें आणि काय लिहीत नाहीं, हें मला पक्कें ठाऊक होतें. जी नोंद वहींत नाहीं, तिजविषयीं आज मला बोलावयाचें आहे.

पुढें जें सांगणार आहें, तें पापनिवेदनांत ऐकलेलें नाहीं. ज्याची ही हकीकत आहे, त्यानें स्वतः मला ती लोकांपुढें मांडण्याची परवानगी दिली. किंबहुना 'सांगा' असा आग्रह धरिला. ओळख पटेल अशा खुणा मीं बदलल्या आहेत. ही गोष्ट या धर्मग्रामांतली नाहीं. तेव्हां कोणीं शेजाऱ्याकडे वळून पाहूं नये.

वीस-बावीस वर्षांपूर्वीं मी आपल्याच वसईंतल्या एका धर्मग्रामांत सहायक धर्मगुरू होतों. एके सायंकाळीं एक बाई भेटावयास आली. तिच्या कपाळावर जखम होती. विहिरीवर पाय घसरला, असें ती म्हणाली. मग बराच वेळ पदराचा कांठ चाळवीत बसली आणि म्हणाली, "फादर, तुम्ही बोलवा त्यांना. तुमचें ऐकतील."

मीं त्यांना बोलाविलें. वयानें ते मजहून दहा वर्षांनीं मोठे; चार लोकांत मान असलेले; पाड्याच्या सणाचा जमाखर्च त्यांच्याच हातीं असे. तरी मीं त्यांस एकेरी संबोधिलें. बायकोमुलांचे हाल वर्णिले, नरकाचें भय घातलें आणि शेवटीं क्रुसावर हात ठेववून 'जन्मभर दारूला शिवणार नाहीं' अशी शपथ घ्यावयास लाविली. ते रडले. मला वाटलें, काम झालें. त्या रात्रीं मी समाधानानें झोंपलों.

ती शपथ अकरा दिवस टिकली. दुसरी शपथ त्याहूनही कमी. तिसऱ्या शपथेच्या वेळीं मीं त्यांच्या मुलाला शेजारीं उभें केलें, आणि तो प्रसंग आठवला म्हणजे आजही मला लाज वाटते. कारण त्यानंतर त्या गृहस्थांनीं मंदिराचा रस्ताच सोडला. ते शेताच्या बांधावरून वळसा घेऊन स्टेशनास जाऊं लागले. मीं मनांत म्हटलें, माणूस निगरगट्ट आहे. वस्तुतः शपथ मोडल्याचें पाप पूर्वींच्या ओझ्यावर ठेवून मींच त्यांची वाट बंद केली होती. सेमिनरींत मीं नीतिशास्त्र शिकलों होतों. गंभीर पापासाठीं पूर्ण जाणीव व पूर्ण संमति लागते, आणि जडलेली संवय माणसाची मोकळीक कमी करते, हें परीक्षेंत मीं बरोबर लिहिलें होतें. समोर बसलेल्या माणसाच्या बाबतींत तें मला आठवलें नाहीं.

आणखी एक चूक माझ्या हातून घडली, व ती प्राणावर बेतली असती. तिसऱ्या शपथेनंतर त्यांनीं खरोखरच एका दिवसांत दारू टाकिली. दुसऱ्या दिवशीं हात थरथरूं लागले. तिसऱ्या रात्रीं ते भिंतीवर किडे चालतांना पाहूं लागले आणि ओरडत अंगणांत धांवले. शेजारीपाजारी म्हणाले, बाहेरचें लागलें. एका समंजस भाच्यानें रिक्षांत घालून त्यांना रुग्णालयांत नेलें, म्हणून ते वांचले. पुढें एका डॉक्टरांनीं मला समजाविलें कीं, वर्षानुवर्षें रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या सोबतीनेंच काम करावयास शिकलेला असतो. ती एकाएकीं तोडली तर बहुधा पहिल्या दोन दिवसांत फेफरें येऊं शकतें, आणि दुसऱ्या ते चवथ्या दिवसाच्या सुमारास ताप, कंप व भ्रम होऊन मृत्यूही येऊं शकतो. म्हणून माझी पहिली विनंति ही : आपल्या घरांत कोणी रोज भरपूर पीत असेल, तर त्याला 'आजच सोड' म्हणून कोंडून ठेवूं नका. आधीं डॉक्टरांकडे न्या, आणि किती पितो हें डॉक्टरांपुढें खरें सांगा. क्रूस हातीं देण्यापूर्वीं औषध देणें हा अविश्वास नव्हे.

आतां त्यांना मार्ग कसा सांपडला, तें ऐका. तो माझ्यामुळें सांपडला नाहीं. रुग्णालयांत शेजारच्या खाटेवरील रुग्णाला भेटावयास एक अनोळखी गृहस्थ येत असत. त्यांनीं यांच्या हातीं एक चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर मुंबईच्या एका उपनगरांतील शाळेचा पत्ता, वार आणि वेळ एवढेंच होतें. "मीसुद्धां याच खाटेवर होतों," एवढेंच ते बोलले. उपदेश केला नाहीं, वचनही मागितलें नाहीं.

चिठ्ठी तीन आठवडे खिशांत राहिली. मग एका सायंकाळीं हे गाडींत बसले. वसईंतलें कोणी भेटूं नये म्हणून मुद्दाम दूरची जागा बरी वाटली. शाळेच्या जिन्यापाशीं उभे राहिले, वरून हंसण्याचा आवाज आला, आणि हे परत फिरले. दारूबाजांच्या सभेंत हंसतात कसे, हें त्यांना कळेना. दुसऱ्या आठवड्यांत पुन्हां जिन्यापर्यंत गेले आणि परतले. त्या रात्रीं वाटेंत प्यालेही. घरीं बायकोला सांगितलें कीं, कामावर जादा पाळी आहे. तिनें अर्थातच मानलें नाहीं. तिसऱ्या वेळीं जिन्यावरून उतरणाऱ्या एका माणसानें विचारलें, "मिटिंगला आलांत ना? चला, चहा गार होतो." हे म्हणाले, "मी आज प्यालों आहें." तो म्हणाला, "मग मागच्या बाकावर बसा, आणि नुसतें ऐका." बंधुभगिनींनो, ज्या दारांतून मीं त्या माणसाला तीन शपथा घेऊन आंत घेतलें, त्यापेक्षां तें दार रुंद होतें.

दीड वर्षानंतर ते मजकडे आले. अंग भरलें होतें, डोळे स्वच्छ होते. म्हणाले, "फादर, मी कुठें जातों, तें तुम्हांला दाखवायचें आहे. पुढच्या आठवड्यांत खुली मिटिंग आहे. न पिणाऱ्यालाही येतां येतें." मी गेलों.

इयत्ता तिसरीचा वर्ग. मुलांचे बुटके बाक भिंतीला लावून मध्यें खुर्च्यांचें कडें केलेलें. फळ्यावर दिवसाचा बेरजेचा पाठ तसाच राहिला होता. पंचवीसेक माणसें होतीं. त्यांत एक बँकेंतले अधिकारी, एक रिक्षाचालक, एक तरुण मुलगा आणि दोन स्त्रिया. आरंभीं क्षणभर शांतता, मग लहानशी प्रार्थना. अध्यक्ष म्हणून जो बसला होता, तो त्या दिवसापुरता. तेथें कोणी कायमचा पुढारी नसतो. प्रत्येकजण पहिलें नांव सांगे आणि म्हणे, "मी मद्यपी आहें." मग आपली हकीकत. दुसरा कोणी मध्यें बोलत नसे, सल्ला देत नसे, तोंडांत बोट घालीत नसे. शेवटीं एक पिशवी फिरली. ज्याला जमेल त्यानें टाकावें. बाहेरच्या माणसाकडून पैसे घेत नाहींत, म्हणून माझी नोट त्यांनीं हंसत परत केली.

मग आमचे हे बोलावयास उभे राहिले. त्यांनीं तीन शपथांची गोष्ट सांगितली. माझें नांव घेतलें नाहीं, माझ्याकडे पाहिलेंही नाहीं. म्हणाले, "प्रत्येक वेळीं शपथेला निघण्याआधीं मी कोंबड्यांच्या खुराड्यांत एक बाटली लपवून जात असें. फादरांना फसवावें म्हणून नव्हे. शपथ मोडेल, याची मला खात्रीच होती. जन्मभर हा शब्द ऐकला कीं मला धडकी भरे. इथें मला कोणीं जन्मभर म्हटलें नाहीं. आज पिऊं नकोस, म्हणाले. आजचा दिवस मला जमतो."

मी खालीं मान घालून बसलों होतों. मीं ज्याच्याकडून सारें आयुष्य एका दमांत मागितलें, त्याच्याकडून या लोकांनीं फक्त आजचा दिवस मागितला. आणि प्रभूनें शिकविलेल्या प्रार्थनेंत आपण रोज काय मागतों? आजची भाकर. उद्यांची नव्हे. ती प्रार्थना मी लहानपणापासून म्हणत आलों. तिचा हा अर्थ मला त्या वर्गांत उमगला.

या मंडळाचा इतिहास थोडक्यांत सांगतों. इंग्रजींत त्याला अल्कोहोलिक्स अनॉनिमस म्हणतात, आपल्याकडे ए. ए. म्हणून ओळखतात. १९३५ सालीं अमेरिकेंतल्या ॲक्रन शहरीं न्यूयॉर्कचे बिल विल्सन नांवाचे गृहस्थ धंद्याच्या कामास गेले होते. काम फिसकटलें. ते कांहीं महिने दारूपासून दूर होते. आतां हॉटेलांत एका बाजूला मद्यालय आणि दुसऱ्या बाजूला टेलिफोन. त्यांनीं टेलिफोन उचलला आणि गांवांतल्या एका पाळकाला विचारलें कीं, येथें माझ्यासारखा कोणी पिणारा आहे काय, ज्याच्याशीं मला बोलतां येईल? पाळकांनीं कांहीं माणसांचीं नांवें दिलीं, आणि त्या धाग्यानें बिल विल्सन एका शल्यवैद्याच्या भेटीस पोंचले. ते डॉक्टर बॉब स्मिथ. त्यांनीं १९३५ च्या १० जूनला शेवटचा प्याला घेतला, आणि तोच दिवस मंडळाचा जन्मदिवस मानितात. त्या पाळकांनीं टेलिफोनवर प्रवचन दिलें नाहीं, पत्ता दिला. तें वाचून मला वाटलें, मींही एवढेंच करावयास हवें होतें.

त्याच शहरांतल्या सेंट थॉमस रुग्णालयांत सिस्टर इग्नेशिया नांवाची एक धर्मभगिनी रुग्णांच्या प्रवेशाचें काम पाहत असे. त्या काळीं मद्यप्यांना रुग्णालयांत घेत नसत. १९३९ सालीं डॉक्टर बॉब यांनीं एक रुग्ण आणिला, तेव्हां तिनें वहींत 'पोटाचा विकार' अशी नोंद करून त्याला खाट दिली. पुढें दोघांनीं मिळून हजारों रुग्णांची सेवा केली. घरीं जाणाऱ्या प्रत्येकाला ती येशूच्या पवित्र हृदयाचा एक लहानसा बिल्ला देई आणि सांगे कीं, पुन्हां प्यावयाचें ठरलें, तर आधीं हा मला परत आणून दे. बंधुभगिनींनो, तिनेंही वहींत दारू हा शब्द लिहिला नाहीं, आणि मींही लिहिला नाहीं. परंतु तिची नोंद दार उघडण्यासाठीं होती, माझी नोंद झांकण्यासाठीं. दोन्हींत जमीनअस्मानाचें अंतर आहे.

१९४० सालच्या हिवाळ्यांत सेंट लुईसचे येशूसंघीय धर्मगुरू फादर एडवर्ड डाउलिंग, संधिवातानें लंगडत, रात्रीं उशिरां बिल विल्सन यांना भेटावयास गेले. त्यांना स्वतःला दारूचें व्यसन नव्हतें. मंडळाच्या बारा पायऱ्या वाचून त्यांना संत इग्नेशियसच्या आध्यात्मिक साधनेची आठवण झाली होती. ती मैत्री शेवटपर्यंत टिकली. मुंबईंत या सभांचा आरंभ १९५७ सालीं झाला.

आपल्यापैकीं कांहींच्या मनांत शंका येतील. त्यांचा विचार करूं. पहिली शंका : हा दुसरा एखादा पंथ तर नव्हे? नव्हे. हें मंडळ कोणत्याही धर्माचें नाहीं, कॅथलिकांचेंही नाहीं. त्या वर्गांत हिंदु, मुसलमान व ख्रिस्ती एका कड्यांत बसले होते. परमेश्वराची प्रत्येकाला जशी ओळख असेल, तशा परमेश्वरावर त्यानें भार टाकावा, एवढेंच तेथें सांगतात. मला तर त्या पायऱ्यांत आपली जुनी वाट दिसली. आपण हतबल आहों, हें कबूल करणें. आयुष्याचा निर्भय हिशेब मांडणें. तो परमेश्वरापुढें व दुसऱ्या एका माणसापुढें उघड करणें. ज्यांचें नुकसान केलें त्यांची भरपाई करणें. ही सभा प्रायश्चित्त संस्काराची जागा घेत नाहीं; परंतु तिनें कित्येकांना त्या संस्काराच्या दारापर्यंत परत आणिलें आहे. आमच्या या गृहस्थांनीं मला भेटून जें पहिलें सांगितलें, तें पाड्याच्या सणाच्या रकमेविषयीं होतें. तींतले पैसे त्यांनीं पिण्यांत उडविले होते. कोणाला कधीं कळलें नव्हतें. त्यांनीं पाड्याच्या लोकांपुढें तें कबूल केलें आणि हप्त्याहप्त्यानें सारी रक्कम फेडली. माझ्या तीन शपथांनीं एक पैसाही वसूल झाला नव्हता.

दुसरी शंका : हा आजार म्हणावा, तर मग पाप उरलें कोठें? अतिरेकी मद्यपान हें संयमाच्या सद्गुणाविरुद्ध आहे, हें श्रीसभेच्या धर्मशिक्षणांत स्पष्ट आहे. परंतु तापानें फणफणलेल्या माणसाला आपण अंगण झाडावयास लावीत नाहीं. बरा व्हावयास मात्र सांगतों, आणि औषध न घेतल्यास रागावतों. मद्यप्याची जबाबदारी आजारानें संपत नाहीं; ती औषधाकडे जाण्याची जबाबदारी होते. हा आजार कोणालाही गांठतो. धर्मगुरूही त्याला अपवाद नाहींत. अशा धर्मगुरूला आपल्या अधिकाऱ्यांच्या परवानगीनें, आंबण्याची क्रिया थांबविलेल्या द्राक्षरसानें मिस्सा करण्याची सवलत श्रीसभेनें ठेविली आहे. जी आई आपल्या पुत्रांच्या या दुबळेपणाची एवढी तजवीज करते, तिच्या घरांत आपण एकमेकांना नांवें ठेवणें शोभत नाहीं.

तिसरी शंका : याचा गुण येतो काय? येतो, सर्वांना नव्हे. २०२० सालीं कॉक्रेन या संस्थेनें एकंदर २७ अभ्यास व दहा हजारांहून अधिक माणसें विचारांत घेऊन एक आढावा प्रसिद्ध केला. रुग्णांना पद्धतशीरपणें या सभांशीं जोडून देणाऱ्या उपचारांत, पूर्णपणें दारूमुक्त राहणाऱ्यांचें प्रमाण इतर मान्य मानसोपचारांपेक्षां अधिक आढळलें. तरीही मी आपणांस खोटा भरंवसा देणार नाहीं. माझ्या ओळखीचा आणखी एकजण चार सभांना गेला, पांचवीला गेला नाहीं. त्याचा दफनविधि मींच केला. कांहींना आधीं निवासी उपचार लागतात. पुण्यास डॉक्टर अनिता व अनिल अवचट यांनीं १९८६ सालीं मुक्तांगण सुरू केलें. वांद्र्यास फादर जो परेरा यांनीं १९८१ सालीं कृपा फाउंडेशन स्थापिलें. कोणता मार्ग प्रथम घ्यावा, हें डॉक्टरांना विचारून ठरवावें. एक मार्ग लागू पडला नाहीं, म्हणून माणूस टाकून देऊं नये. पुन्हां प्याला, तर पुन्हां सभेला जावें. तेथें परत येणाऱ्याला कोणी हिशेब विचारीत नाहीं. खुर्ची पुढें करितात.

आतां जो आज या गर्दींत बसून मनांतल्या मनांत ऐकत आहे, त्याच्याशीं मी दोन शब्द बोलतों. भाऊ, सभेला जाण्यासाठीं दारू सुटलेली असावी लागत नाहीं. सोडण्याची इच्छा एवढीच अट आहे. नांव नोंदवावें लागत नाहीं, फी नाहीं. बंद सभा फक्त व्यसनी माणसांसाठीं असते, खुल्या सभेला घरच्यांना नेतां येतें. जातांना विचारून घे. पहिल्या दिवशीं बोलावें लागत नाहीं. जें ऐकशील, तें तेथेंच ठेव. तुझेंही तेथेंच राहील. एक सभा रुचली नाहीं, तर दुसऱ्या ठिकाणच्या सभेस जा. गांवांत लाज वाटत असेल, तर गाडीनें दूर जा. जिन्यावरून दोनदां परत फिरलास, तरी तिसऱ्यांदा जा.

आणि माझ्या भगिनींनो, तुम्हांलाही सांगणें आहे. बाटल्या शोधून ओतून टाकणें, कामावर 'ताप आला आहे' असें खोटें कळविणें, उधारी गुपचूप फेडणें, हें तुम्ही प्रेमानेंच करितां. पण त्यानें आजार झांकला जातो, बरा होत नाहीं. त्याच्या पिण्याचा दोष तुमच्या माथीं नाहीं. घरच्या माणसांसाठीं अल-अनॉन नांवाच्या निराळ्या सभा आहेत. त्या मंडळाची स्थापना १९५१ सालीं झाली, आणि बिल विल्सन यांच्या पत्नी लोइस या तिच्या संस्थापकांपैकीं एक. तो सभेला गेला नाहीं, तरी तुम्ही जाऊं शकतां. आणि हात उगारला जात असेल, तर आधीं स्वतःला व मुलांना सुरक्षित जागीं न्या. कपाळावरची जखम विहिरीवर पडून झाली, असें मला सांगूं नका. मी त्या वेळीं तें ऐकून घेतलें. आतां ऐकून घेणार नाहीं.

शपथेला मी तुच्छ लेखीत आहें, असें समजूं नका. डब्लिनचे मॅट टॅलबट, ज्यांना १९७५ सालीं श्रीसभेनें पूज्य म्हणून घोषित केलें, ते बाराव्या वर्षापासून पीत होते. १८८४ सालीं, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीं, त्यांनीं दारूबंदीची शपथ घेतली. पण ती पहिली शपथ अवघ्या तीन महिन्यांची होती. जन्मभराची नंतर आली. आणि ज्या संध्याकाळा पूर्वीं मद्यालयांत जात, त्या ते मंदिरांत घालवूं लागले. शपथेबरोबर सोबत आणि जागा, दोन्ही हवीं. मीं त्या गृहस्थांना शपथ दिली. सोबत दिली नाहीं, जागाही दिली नाहीं.

म्हणून या महोत्सवाच्या वर्षीं मी आपणांपाशीं तीन गोष्टी मागतों. पहिली गोष्ट जागेची. जुन्या शाळेची मागची खोली आठवड्यांतून एक सायंकाळ या सभेसाठीं द्यावी. मी ती फुकट देऊं केली होती, मंडळानें नाकारिली. आपला खर्च आपण भागवावा, असा त्यांचा नियम आहे. तेव्हां ते माफक भाडें भरतील, आणि आपण तें घ्यावें. कारण भाडें भरणारा माणूस मान वर करून आंत येतो. त्या खोलीला मागच्या गल्लींतून दार आहे. त्या सायंकाळीं तेथें कोणीं रेंगाळूं नये, कोण गेला कोण आला, हें पाहूं नये. मीही त्या बाजूला फिरकणार नाहीं.

दुसरी गोष्ट आपल्या लग्नासमारंभांची. आपल्या मांडवांत प्याल्याशिवाय पाहुणचार पुरा होत नाहीं, अशी समजूत आहे. कोणी 'नको' म्हणाला, तर 'एकच घे, माझ्या शब्दाखातर घे' असा आग्रह करूं नका. त्या एका प्याल्यामागें कोणाची किती दिवसांची मेहनत आहे, हें आपणांस ठाऊक नसतें. सरबताचा प्याला हातीं घेतलेल्या माणसाला कारण विचारूं नका. उद्यांच्या महोत्सवी भोजनांत आपण मद्य ठेविलेलें नाहीं. त्याबद्दल जे नाराज आहेत, त्यांनीं मजवर रागवावें.

तिसरी गोष्ट माझ्यासाठीं. आपल्यापैकीं कोणी या दुःखासह मजकडे येईल, तर मी त्याच्याकडून शपथ घेणार नाहीं. चहा देईन, पत्ता देईन, आणि त्याची इच्छा असेल, तर जिन्यापर्यंत बरोबर चालेन. माझ्या मागून येणाऱ्या धर्मगुरूंनाही आपण याची आठवण द्यावी.

ज्या गृहस्थांची हकीकत मीं सांगितली, त्यांना मीं विचारलें होतें कीं, आपल्याला दारू सोडून किती वर्षें झालीं, तें सभेंत सांगूं काय? ते म्हणाले, "वर्षें नको, फादर. सकाळपासून प्यालों नाहीं, एवढें सांगा." आपल्या खोलींतल्या पहिल्या सभेला ते येणार आहेत. ते कोण, हें आपणांस कळणार नाहीं, आणि तसेंच असावें.

पुढच्या पाऊणशें वर्षांच्या वह्या मी लिहिणार नाहीं. पण जो कोणी त्या वाचील, त्याला मृत्यूच्या वहींत ३८, ४१, ४४ हे आंकडे कमी दिसावेत, एवढीच या महोत्सवाच्या दिवशीं माझी परमेश्वरापाशीं मागणी आहे. जो प्रभु काना येथील लग्नांत यजमानाची लाज राखण्यास धांवला, तो आपल्या घराघरांतल्या या लाजेवरही आपला हात ठेवो. दाराबाहेर उभ्या असलेल्या आपल्या भावाला आजचा दिवस देवो. आणि आपणां सर्वांस दार उघडें ठेवण्याची बुद्धि देवो. पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांचा आशीर्वाद आपणां सर्वांवर असो. आमेन.